हिवाळी शहरं एकमेकांकडून काय शिकतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात एडमंटनला राहायला आल्यापासून थंडी, बर्फ आणि महापालिका या तीन गोष्टींवर प्रश्न येतच असतात, घरच्यांचे येतात, मित्रांचे येतात आणि इथे नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींचे तर फारच येतात. त्यातले जगभरातल्या थंड शहरांच्या आपापसातल्या सहकार्याबद्दलचे प्रश्न इथे एका जागी आणलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण विषयच तसा आहे.

हिवाळी शहर नक्की कशाला म्हणायचं?

नुसती थंडी पडते म्हणून नाही. वर्ल्ड विंटर सिटीज असोसिएशन फॉर मेयर्स नावाची महापौरांची एक संघटना आहे, तिचा ढोबळ निकष असा की शहरात बर्फाचा थर २० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त साचत असावा, नाहीतर वर्षातल्या सगळ्यात थंड महिन्याचं सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली असावं. म्हणजे महाबळेश्वरला एखाद्या पहाटे गवतावरचं दव गोठतं ते यात बसत नाही. जिथे वर्षातले चार-पाच महिने रस्ता, पाण्याचे पाइप, बस, शाळा, दवाखाना सगळंच थंडीच्या हिशोबाने चालवावं लागतं ते हिवाळी शहर.

ही महापौरांची संघटना कोणी आणि कधी सुरू केली?

जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेट आहे, तिथल्या साप्पोरो शहराने. ताकेशी इतागाकी तेव्हा तिथले महापौर होते, १९७१ ते १९९१ अशी तब्बल वीस वर्षं. त्यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये साप्पोरोत उत्तरेकडच्या शहरांची पहिली परिषद भरली. त्यांचं म्हणणं साधं होतं, हिवाळा हे संकट नाही, ते आपलं साधन आहे, आपली संपत्ती आहे, आणि ज्यांच्याकडे ही संपत्ती आहे त्यांनी एकत्र बसून बोललं पाहिजे. पुढची परिषद १९८५ मध्ये चीनच्या शेनयांगला झाली, मग १९८८ मध्ये आमच्या एडमंटनला, मग नॉर्वेतलं ट्रॉम्सो, मग मॉन्ट्रियल, असं करत ती जगभर फिरत राहिली. आत्ताचं नाव २००४ पासूनचं. ऑफिस अजूनही साप्पोरो महापालिकेतच आहे आणि अध्यक्षपद साप्पोरोच्या महापौरांकडे असतं.

साप्पोरोच का? टोकियो का नाही, मॉस्को का नाही?

कारण एवढ्या मोठ्या शहरात एवढा बर्फ जगात फारच थोड्या ठिकाणी पडतो. साप्पोरोची वस्ती २० लाखांच्या जरा खाली आहे आणि वर्षाला सरासरी पावणेपाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. एकदम एवढा साचून राहतो असं नाही, अधूनमधून वितळतो, दबतो, पण पडलेला सगळा मोजला तर दोन माणसं एकावर एक उभी केली तरी त्यांच्या डोक्यावरून जाईल एवढा. आणि गंमत म्हणजे साप्पोरो काही ध्रुवाजवळ नाहीये, ते आहे ४३ अंश उत्तरेला, म्हणजे साधारण फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याच्या रेषेत. बर्फ पडतो तो वाऱ्यामुळे. सैबेरियातून कोरडा गार वारा निघतो, जपानच्या समुद्रावरून येताना भरपूर बाष्प उचलतो आणि होक्काइदोच्या डोंगरांना धडकून सगळं तिथेच ओततो.

हे शहर वाढलंही फार झपाट्याने. १९७० मध्ये वस्तीने १० लाखांचा आकडा ओलांडला, १९७१ च्या डिसेंबरात मेट्रो सुरू झाली आणि १९७२ मध्ये हिवाळी ऑलिंपिक झालं. एवढे लोक, एवढ्या गाड्या आणि एवढा बर्फ, हे गणित सोडवलेलं शहर जवळपास कुठेच नव्हतं. दक्षिण जपानकडून शिकण्यासारखं काही नाही कारण तिथे बर्फच नाही, मग बाहेर बघावंच लागलं. माझ्या मते या सगळ्या सहकार्याचं मूळ तिथे आहे, आपल्याच देशातल्या दुसऱ्या शहरापेक्षा हजारो किलोमीटरवरचं परदेशी शहर आपल्याला जास्त जवळचं असू शकतं.

या परिषदांत होतं काय? का नुसते फोटो आणि जेवणं?

फोटो असतात, जेवणंही असतात, महापौर आले की ते आलंच. पण परिषदेच्या जोडीला एक प्रदर्शन भरतं, त्यात बर्फ ढकलणारी यंत्रं, टायर, खिडक्या, घर गरम ठेवायचे हिटर, कपडे असं सगळं मांडलेलं असतं, आणि नुसत्या अधिकाऱ्यांच्या, म्हणजे रस्ते खातं, घनकचरा, नगररचना वगैरे सांभाळणाऱ्यांच्या वेगळ्या बैठकाही होतात. खरं काम होतं ते तिथे असं मला ठामपणे वाटतं. महापौर पाच वर्षांनी बदलतो, पण रात्री दोन वाजता किती गाड्या बाहेर काढायच्या हे ठरवणारा इंजिनिअर वीस वर्षं त्याच खुर्चीत असतो, त्याने एकदा दुसऱ्या शहरातली यंत्रणा डोळ्यांनी बघितली की ती त्याच्या डोक्यात कायमची राहते.

२०१६ मध्ये परिषद परत साप्पोरोला आली, २०१८ मध्ये शेनयांगला. फिनलंडमधल्या रोवानिएमीची कोविडमुळे २०२१ मध्ये ऑनलाइन घ्यावी लागली, आणि यात मोठं नुकसान हे की ऑनलाइन बैठकीत फुटपाथवर पाय ठेवून बघता येत नाही.

सगळीकडे बर्फच ना, मग एका शहराचा उपाय दुसऱ्याने सरळ उचलला तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं, आणि हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिवाळा एका जातीचा नसतो. साप्पोरोत जानेवारीचं सरासरी तापमान उणे तीनच्या आसपास, म्हणजे फार भयंकर थंडी नाही, पण बर्फ अफाट. दिवसा जरा वितळतो, रात्री परत गोठतो. आमच्या एडमंटनला याच्या उलट. इथे बर्फ साप्पोरोच्या साधारण पाव हिस्साच पडतो, पण थंडी उणे तीसपर्यंत सहज जाते आणि नोव्हेंबरात पडलेला कोरडा भुसभुशीत बर्फ मार्चपर्यंत तिथेच पडून असतो. ट्रॉम्सोला समुद्रामुळे थंडी बेताची, पण नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, तिथे अंधार हा मोठा प्रश्न. मंगोलियाची राजधानी उलानबातर, तिथे बर्फ कमी, थंडी कडाक्याची आणि त्रास धुराचा.

आता मॉन्ट्रियलने ट्रकात भरून बर्फ शहराबाहेर न्यायची जी अवाढव्य यंत्रणा उभी केलीय ती साप्पोरोला कामाची आहे, एडमंटनला तेवढी नाही. फिनलंडच्या औलूमध्ये सायकलचे रस्ते दाबलेल्या बर्फावरच चालू ठेवतात, ते एडमंटनला जमेल कारण इथेही थंडी सलग असते, पण साप्पोरोत तोच थर दुपारी चिखल होईल आणि रात्री काच. त्यामुळे आधी आपला हिवाळा कुठल्या जातीचा ते ओळखायचं आणि मग त्याच जातीचं शहर शोधून त्यांच्याकडे जायचं. सिस्टर सिटीचा, म्हणजे दोन शहरांच्या मैत्रीचा, करार करून दोन्हीकडच्या बागेत एकेक झाड लावलं म्हणजे सहकार्य झालं असं होत नाही.

बर्फ उचलून टाकतात कुठे?

याची उत्तरं फार भारी आहेत. आपल्याकडे पावसाळ्याआधी नालेसफाई होते, गाळ उचलून कुठे टाकायचा यावरून दरवर्षी वाद होतात, तसंच इथे बर्फाचं. फरक एवढाच की हा गाळ रोज नवा पडतो.

मॉन्ट्रियल सरासरी वर्षाला साधारण १ कोटी २० लाख घनमीटर बर्फ उचलतं, रस्ते आणि फुटपाथ मिळून १०,००० किलोमीटरच्या आसपास लांबीवरून. आधी भोंगे वाजवत गाडी येते, म्हणजे लोकांनी पार्क केलेल्या गाड्या काढाव्यात, न काढलेल्या टो करून नेतात, मग बर्फाचा ढीग करतात आणि यंत्राने सरळ शेजारी चालणाऱ्या ट्रकात उडवतात. काही बर्फ गटारांच्या मोठ्या तोंडांतून खाली सोडतात, तिथे सांडपाण्याच्या उबेने तो वितळतो, आणि बराचसा जुन्या दगडखाणीत टाकतात. सें-मिशेल भागातली फ्रांकाँ खाण त्यासाठीच आहे, तिथला डोंगर उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण वितळलेला नसतो.

साप्पोरोत शहराबाहेर बर्फ टाकायची मैदानं आहेत, जमिनीखाली बर्फ वितळवायच्या टाक्या आहेत आणि काही वस्त्यांत रस्त्याकडेला वाहत्या पाण्याचे झाकण लावलेले नाले आहेत. ठरलेल्या वेळी झाकण उघडायचं, फावड्याने बर्फ आत ढकलायचा, पाणी तो वाहून नेतं. शेजारीपाजारी एकाच वेळी बाहेर येऊन हे काम करतात. तसंच घरांसमोरच्या छोट्या रस्त्यांवरचा बर्फ ट्रकने न्यायचा असेल तर मोहल्ला समिती खर्चाचा वाटा उचलते आणि बाकीचा महापालिका भरते. मला ही पद्धत फार आवडते कारण बर्फ हा नुसता सरकारचा प्रश्न राहत नाही आणि नुसता घरमालकाच्या गळ्यातही पडत नाही. वस्तीतले तरुण कमी होऊन म्हातारे वाढले की मात्र ती अवघड होते, आणि जपानमध्ये नेमकं तेच चाललंय.

खर्च किती येतो?

साप्पोरोचं बर्फ काढायचं बजेट वर्षाला २००० कोटी येनच्या वर जातं, म्हणजे हजार कोटी रुपयांच्या वरच समजा. रात्री १० सेंटीमीटरच्या आसपास बर्फ पडला की गाड्या बाहेर पडतात आणि सकाळी लोक कामावर निघायच्या आत साधारण ५४०० किलोमीटर रस्ते साफ करायचे असतात. एवढं करूनही कधीकधी निसर्ग ऐकत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथे २४ तासांत ६० सेंटीमीटर बर्फ पडला, विक्रमच झाला, आणि साप्पोरो स्टेशनवरून सुटणाऱ्या सगळ्या गाड्या बंद पडल्या.

मीठ टाकलं की बर्फ वितळतो ना? मग एवढी कटकट कशाला?

साधं मीठ उणे नऊ-दहापर्यंत बरं काम करतं, त्याखाली जवळजवळ निरुपयोगी. कॅल्शियम क्लोराइड त्याहून गार हवेत चालतं. पण दोन्हीने गाड्या गंजतात, काँक्रीट खराब होतं, झाडं मरतात आणि वितळलेलं खारट पाणी शेवटी नदीतच जातं. एडमंटनने कॅल्शियम क्लोराइडचा प्रयोग करून बघितला, लोकांनी गाड्या आणि ड्राइव्हवे खराब होतायत म्हणून आवाज उठवला आणि २०१९ मध्ये सिटी काउन्सिलने तो थांबवला. इथे वाळू आणि बारीक खडी हाच जुना आधार आहे. आइसलंडच्या रेक्याविकमध्ये जमिनीतल्या गरम पाण्यावर घरं उबदार ठेवतात आणि घरातून परत आलेलं कोमट पाणी फुटपाथखालच्या पाइपांतून फिरवतात, त्यामुळे मुख्य भागात फुटपाथ आपोआप कोरडे राहतात. ज्यांच्याकडे असं पाणी फुकट नाही त्यांना मात्र हे फार महागात पडतं. साप्पोरोतही रस्त्याखाली हिटिंग आहे, पण ते चढावांवर आणि अशाच मोजक्या अवघड जागी.

जपानमध्ये खिळ्यांचे टायर बंद झाले म्हणतात, ते का?

हे समजून घेण्यासारखं आहे. टायरला बारीक धातूचे खिळे असले की बर्फावर पकड चांगली मिळते, पण बर्फ नसलेल्या रस्त्यावर तेच खिळे डांबर खरवडतात. १९८० च्या दशकात साप्पोरो, सेंदाई अशा शहरांत वसंत ऋतू आला की रस्त्याची काळी धूळ हवेत उडायची, वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे, लोकांना खोकला लागायचा. लोकांनी चळवळ केली आणि १९९० मध्ये कायदा होऊन हे टायर बंद झाले.

धूळ गेली, पण नवीनच भानगड उभी राहिली. बिनखिळ्यांचे टायर सिग्नलला थांबताना आणि निघताना बर्फावर घसटतात, घर्षणाने वरचा पातळ थर वितळतो, लगेच गोठतो, परत दुसरी गाडी येते, परत तेच. असं दिवसभर चाललं की चौकातला रस्ता आरशासारखा गुळगुळीत होतो, आणि नेमका तिथूनच माणसांना रस्ता ओलांडायचा असतो. पडून हातपाय मोडणाऱ्यांची संख्या वाढली. मग साप्पोरोने चौकाचौकात खडीच्या पेट्या ठेवल्या. आत छोट्या पिशव्यांत बारीक खडी भरलेली असते, कोणीही पेटी उघडायची, पिशवी फोडायची, समोरच्या निसरड्यावर पसरायची आणि पुढे जायचं. मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी केलेलं इतकं छोटं आणि इतकं उपयोगी काम मला दुसरं सुचत नाही.

नॉर्डिक देशांत खिळ्यांचे टायर अजून चालतात आणि तिथे धुळीवरून वाद सुरूच आहेत, तेव्हा जपानचा हा अनुभव, फायदा आणि तोटा दोन्ही धरून, त्यांनी नीट वाचावा असा आहे.

सगळं गाड्यांसाठीच चाललंय, चालणाऱ्यांचं काय?

बरोबर पकडलंत. जगभर बर्फ काढायचा क्रम एकच होता, आधी हायवे, मग मोठे रस्ते, मग छोटे, आणि उरलंसुरलं तर फुटपाथ. २०११ मध्ये स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा नावाच्या छोट्या शहराने हा क्रम तपासला. तेव्हा दिसलं की मोठ्या रस्त्यांचा फायदा गाडीने कामावर जाणाऱ्यांना, म्हणजे जास्त करून पुरुषांना होतो, आणि चालत, बसने, पोरांना पाळणाघरात सोडत जाणाऱ्या बायका बर्फातून वाट काढतात. त्यांनी क्रम उलटा केला, आधी फुटपाथ, पाळणाघरांच्या वाटा, सायकलचे रस्ते, बसस्टॉप, आणि गाड्यांचे रस्ते मागाहून. यामागचा विचार मला पूर्ण पटतो. गाडी दहा सेंटीमीटर बर्फातूनही जाते, बाबागाडी आणि व्हीलचेअर जात नाही. शिवाय बर्फात घसरून पडून जखमी होणाऱ्यांत पायी चालणारेच जास्त असतात आणि त्यांचा दवाखान्याचा खर्च शेवटी समाजच भरतो.

स्टॉकहोमने हा विचार उचलला, आणि २०१६ च्या नोव्हेंबरात एका दिवसात जवळपास ४० सेंटीमीटर बर्फ पडून शहर ठप्प झालं तेव्हा सगळं खापर याच धोरणावर फुटलं. तो बर्फ त्या महिन्यातला शंभराहून जास्त वर्षांतला विक्रमी होता, कुठल्याही क्रमाने काढला असता तरी गोंधळ झालाच असता. तरीही पुढे कित्येक शहरांत या क्रमाबद्दल प्रश्न विचारले जायला लागले, आणि हे घडलं ते एका छोट्या गावाने करून दाखवलं म्हणून.

उणे वीसमध्ये सायकल? खरंच?

खरंच. औलू हे सव्वादोन लाखांच्या आत वस्तीचं, जवळजवळ ध्रुवीय वर्तुळाला टेकलेलं शहर, तिथे शाळेतली पोरं हिवाळ्यात सायकलवर जातात. त्यांचं गुपित कपड्यांत नाही, रस्त्यात आहे. सायकलचा रस्ता गाड्यांपासून पूर्ण वेगळा, मोठे रस्ते ओलांडायला खालून बोगदे, आणि सकाळच्या गर्दीआधी बर्फ काढलेला. तोही तळापर्यंत खरवडत नाहीत, दातेरी पातं फिरवतात, त्याने दाबलेल्या बर्फावर बारीक सऱ्या पडतात आणि चाकाला पकड मिळते. मीठ टाकत नाहीत, त्यामुळे चिखल होत नाही.

२०१३ मध्ये हिवाळी सायकलवाल्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद औलूलाच झाली, मग विनिपेग, लेउवार्डन, मिनियापोलिस, मॉन्ट्रियल, मॉस्को, कॅलगरी अशी ती फिरली. इथे महापौरांपेक्षा रस्ता खात्यातले लोक आणि साधे सायकलवालेच जास्त, त्यामुळे चर्चा थेट पात्याच्या आकारावर येते. मला ही पद्धत जास्त फळणारी वाटते.

हिवाळा ही संपत्ती कशी काय? त्यातून पैसा येतो का?

येतो. साप्पोरोचा बर्फ महोत्सव १९५० मध्ये सुरू झाला, शाळकरी मुलांनी ओदोरी पार्कमध्ये बर्फाच्या सहा मूर्ती केल्या एवढीच सुरुवात. १९७४ पासून तिथे परदेशी संघांची मूर्तिस्पर्धाही होते. चीनमधल्या हार्बिनला सोंगहुआ नदी इतकी घट्ट गोठते की तिच्यातून लाद्या कापून त्यांचे अख्खे राजवाडे बांधतात. दक्षिण कोरियात ह्वाचॉन नावाचा डोंगराळ तालुका आहे, सीमेजवळ, वस्ती जेमतेम वीस-पंचवीस हजार, उद्योग फारसे नाहीत. त्यांनी २००३ मध्ये गोठलेल्या नदीवर भोकं पाडून मासे पकडायची जत्रा सुरू केली आणि आज चांगल्या हिवाळ्यात तिथे दहा लाखांच्या वर लोक येतात. २०१४ ची महापौर परिषद याच ह्वाचॉनला झाली होती, आणि मला तरी सगळ्या यजमानांत हाच जास्त शिकवून जाणारा वाटतो कारण त्यांच्याकडे थंडीशिवाय विकायला काहीच नव्हतं.

पण संपत्ती म्हणजे नुसतं पर्यटन नाही. साप्पोरोच्या मोएरेनुमा पार्कमधला काचेचा पिरॅमिड हिवाळ्यात साठवलेल्या बर्फाने उन्हाळ्यात गार ठेवतात. जवळच्या न्यू चितोसे विमानतळावरही धावपट्टीच्या भागातून काढलेला बर्फ झाकून ठेवतात आणि उन्हाळ्यात एसीसाठी वापरतात. जो बर्फ हलवायला पैसे मोजले तोच सहा महिन्यांनी विजेचं बिल कमी करतो.

एडमंटनने काय केलं?

२०१२ मध्ये शहराने हिवाळ्याचं वेगळं धोरणच मंजूर केलं आणि २०१६ मध्ये बांधकामासाठी हिवाळी नियमावली आणली. त्यातले मुद्दे ऐकायला सोपे आहेत, वारा अडवा, ऊन आत येऊ द्या, रंग वापरा, दिवे नीट लावा, हिवाळ्यात बाहेर थांबता येईल अशा सोयी करा. पण उंच इमारत चुकीच्या जागी उभी राहिली की तिच्या पायथ्याशी वारा असा घुसतो की उणे दहाचे उणे पंचवीस वाटायला लागतात, आणि दक्षिणेकडे तोंड करून बसवलेला बाक उणे दहातही बसण्यासारखा असतो. २०१५ आणि २०१७ मध्ये इथे हिवाळी शहरांची एक परिषदही झाली, महापौरांच्या परिषदेहून वेगळी, २०१९ मध्ये ती सॅस्कटूनला गेली.

उलानबातरसारख्या गरीब शहरांना या क्लबमध्ये काय मिळतं?

खरं सांगायचं तर बर्फाच्या मूर्तींमधून फारसं काही नाही. मंगोलियाच्या या राजधानीत जानेवारीचं सरासरी तापमान उणे वीसच्या खाली आणि शहराभोवती गेर म्हणजे गोल तंबूंच्या आणि छोट्या घरांच्या वस्त्या, जिथे चुलीत कोळसा जाळल्याशिवाय रात्र काढता येत नाही. धूर दरीत अडकून राहतो. २०१९ च्या मे महिन्यात तिथे कच्चा कोळसा जाळायला बंदी आली आणि त्याऐवजी प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या विटा दिल्या जायला लागल्या. प्रदूषण मोजण्याच्या कामात जायका या जपान सरकारच्या परदेशी मदत संस्थेने बरीच मदत केलीय. २०१२ ची महापौर परिषद उलानबातरलाच होती आणि ते फार बरं झालं, कारण श्रीमंत हिवाळी शहरं थंडीकडे सणासारखं बघतात, तिथे ती जिवावरची गोष्ट आहे. या संघटनांनी उबेच्या खर्चावर आणि गरिबांच्या घरांवर आत्तापेक्षा कितीतरी जास्त वेळ द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

देशांची भांडणं मध्ये येत नाहीत का?

येतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर आर्क्टिक काउन्सिल या उत्तर ध्रुवाभोवतीच्या देशांच्या मंडळाचंच काम थांबलं होतं, तर शहरांचं काय सांगावं. साप्पोरोचं सिस्टर सिटीचं नातं १९९० पासून रशियातल्या नोवोसिबिर्स्कशी आहे, चीनच्या शेनयांगशी १९८० पासून, अमेरिकेच्या पोर्टलंडशी १९५९ पासून, म्युनिकशी १९७२ पासून. एवढ्या वर्षांत सरकारं बदलली, संबंध बिघडले-सुधारले, पण एकदा जोडलेलं शहराचं नातं सहसा कोणी कागदावरून खोडत नाही, शांत ठेवतात. ते पुन्हा जागं करता येतं.

हिवाळेच गरम होत चाललेत, मग पुढे या सगळ्याचा उपयोग काय?

उलट जास्त. थंडी कमी झाली की बर्फाचा त्रास कमी होईल असं वाटतं, पण जिथे आधी सलग गोठलेलं असायचं तिथे आता मध्येच पाऊस पडतो आणि रात्री त्याची काच होते. गोठणं-वितळणं वाढलं की रस्त्याला खड्डे वाढतात. ह्वाचॉनला नदीवरचा बर्फ पुरेसा जाड झाला नाही की अख्खी जत्राच अडचणीत येते. म्हणजे औलू आणि एडमंटनचे हिवाळे हळूहळू साप्पोरोच्या जातीकडे सरकतायत, आणि ज्या शहराने तो ओला, निसरडा हिवाळा चाळीस-पन्नास वर्षं हाताळलाय त्याच्या वह्या आता उत्तरेकडच्यांना लागणार आहेत.

भारताचा यात काही संबंध?

लेह थंडीच्या निकषात आरामात बसतं, साडेतीन हजार मीटरवरचं शहर, जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या बरंच खाली. तिथला प्रश्न मात्र वेगळ्याच जातीचा आहे, बर्फ कमी आणि वसंतात शेतीला पाणी नाही. लडाखमधले इंजिनिअर चेवांग नॉर्फेल यांनी त्यावर कृत्रिम हिमनद्या केल्या, आणि सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप. वरून पाइपने आलेलं पाणी रात्रीच्या थंडीत कारंज्यासारखं उडवायचं, ते पडता पडता गोठतं आणि उंच सुळका तयार होतो. सुळक्यावर ऊन कमी जागेत लागतं म्हणून तो हळू वितळतो आणि नेमकं एप्रिल-मेमध्ये, पेरणीच्या वेळी, पाणी देतो. हे तंत्र बघून २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमध्येही असा स्तूप बांधला गेला. तेव्हा भारताने फक्त शिकायचंच आहे असं अजिबात नाही.

मी या हिवाळ्यात पहिल्यांदाच कॅनडात येतोय, मला यातलं काय उपयोगी?

पहिली गोष्ट, घर भाड्याने घेताना विचारा की समोरच्या फुटपाथवरचा बर्फ काढायची जबाबदारी कोणाची. इथल्या बऱ्याच शहरांत ती घरात राहणाऱ्यावर किंवा मालकावर असते, कॅलगरीत बर्फ थांबल्यापासून २४ तासांत फुटपाथ मोकळा करावा लागतो, नाहीतर महापालिका माणसं पाठवून काढते आणि बिल लावते. दुसरी, बर्फाची गाडी रस्ता साफ करून गेली की तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी कडक ढेकळांची एक लांब रांग सोडून जाते, हे साप्पोरोतही होतं आणि इथेही, तेव्हा फावडं प्लॅस्टिकचं एक आणि लोखंडी कडेचं एक असं दोन्ही घ्या, प्लॅस्टिकचं त्या ढेकळांपुढे टिकत नाही. ती ढेकळं गाडी गेल्यावर लगेच काढलीत तर फुटतात, रात्रभर राहिली तर दगड होतात. आणि शेजारी कोणी आजी-आजोबा एकटे राहत असतील तर त्यांच्या दारासमोरचाही तेवढा तुकडा काढून टाका, दहा मिनिटांचं काम आहे, आणि खडी उरली असेल तर पायऱ्यांवर मूठभर पसरा.